जॉइनिंगला मुदतवाढ

नीळकंठराव पांढरीपांडे यांनी उभा जन्म कारखान्याच्या आस्थापना विभागात काढला होता, आणि माणसाचं कल्याण नीट लिहिलेल्या अर्जात असतं अशी त्यांची पक्की खात्री होती. रिटायर झाल्यावर टाउनशिपचं क्वार्टर सुटलं आणि ते शेजारच्या सोनागिरी वस्तीत स्वतःच्या घरात आले. खात्री काही सुटली नाही; तीही सामानाबरोबर आली.

मुलगी प्रतिभा वैमानिक. म्हणजे लायसन्स होतं, विमान नव्हतं. चार वर्षं झाली, कुठेच लागत नव्हती. आता लायसन्स म्हणजे काही लोणचं नव्हे, मुरत ठेवलं की चव वाढायला. उडत राहिलं नाही की ते कामातून जातं, आणि प्रतिभाचं येत्या उन्हाळ्यात जाणार होतं. आनंद नगरच्या एका क्लासमध्ये ती बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायची. वरून विमान गेलं की शिकवता शिकवता गप्प व्हायची. हे ऐकून नीळकंठरावांचं आतडं तुटायचं.

अशात देव पावला, आणि पावला तो दोन्ही हातांनी. इंदूरच्या एका छोट्या कंपनीने निवड केली: एकोणीस सीटचं विमान, इंदूर-जबलपूर-रीवा, सोमवारी ट्रेनिंगला हजर व्हा. शिवाय हैदराबादच्या मोठ्या कंपनीतली मुलाखत झकास झाली होती. निकाल यायचा होता.

"एकोणीस सीट?" नीळकंठराव म्हणाले. "अगं, आमची शिफ्टची बस याहून मोठी होती!"

"उडती तो है ना, बाबा! मला इंदूरच घ्यायचंय. छोट्या कंपनीत लवकर कॅप्टन होता येतं, आणि ते आत्ता बोलावतायत."

"नाही कोण म्हणतं? पण हैदराबाद का घालवायचं? जॉइनिंगला मुदतवाढ मागू."

"प्रायव्हेटमध्ये असं नाही चालत."

"सगळीकडे चालतं. माझ्या टेबलावरून गेलेला मुदतवाढीचा एकही अर्ज नामंजूर झालेला नाही."

हे खोटं नव्हतं. कारखान्यात निवड झालेला माणूस बहिणीचं लग्न उरकून, दुसरीकडची मुलाखत देऊन सावकाश यायचा, आणि त्याची जागा त्याची वाट बघत बसायची. प्रतिभा भांडली. पण शिकून सवरून बापाच्या ताटात जेवणाऱ्या मुलीचा आवाज फार चढत नाही. शेवटी नीळकंठरावांनी 'घरगुती अपरिहार्य कारणास्तव' असा फक्कड अर्ज लिहिला, तिने सही केली आणि तो ईमेलने गेला.

उत्तर आलं नाही. "फाईल फिरतेय," नीळकंठराव म्हणाले. सोमवारही गेला. मग हैदराबादहून कळलं, भरती तूर्त बंद. तेव्हा प्रतिभाने घाईघाईने इंदूरला फोन लावला. तिची जागा दुसऱ्याला देऊन झाली होती.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शेंबडं पोरही सांगेल. पण प्रतिभा बापाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिची आई सुमनताई ताट वाढायच्या, ती दोन घास चिवडून उठायची, आणि समोर बसलेल्या नीळकंठरावांना आपण पोरीचा गळा आपल्या हातांनी दाबला असं वाटायचं.

मग त्यांनी टाउनशिपचं शेवटचं हत्यार काढलं: साहेबांना प्रत्यक्ष भेटणं. वर्षाचा गहू बघायला करोंदच्या मंडीत जातो असं घरी सांगून त्यांनी इंदूरची बस धरली.

वैमानिक निवडणारे कॅप्टन मराठी निघाले, तेव्हा निम्मी लढाई इथेच जिंकली असं नीळकंठरावांना वाटलं. ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

"साहेब, चूक माझी. अर्ज मी लिहिला. पोरीला तुमच्याकडेच यायचं होतं."

"सही तर त्यांची आहे."

"मी सांगितलं म्हणून केली. फार गुणी मुलगी आहे, साहेब. मला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही!"

कॅप्टननी टेबलावरच्या यादीत एक खूण केली. मग म्हणाले, "बघतो."

बघतो! कारखान्यात साहेब 'बघतो' म्हणाले की काम निम्मं झालेलं असायचं. नीळकंठरावांना रडू आवरेना. बसस्टँडवर त्यांनी खास इंदूरची शेव घेतली. घरी खोटं उघडं पडेल याचंही त्यांना भान राहिलं नाही.

प्रतिभा दारातच बसली होती.

"इंदूरला गेला होतात ना, बाबा? त्या कॅप्टनचा फोन आला होता."

"बघ! मी म्हटलं नव्हतं..."

"पुढच्या बॅचमध्ये माझं नाव धरलं होतं त्यांनी. परवाच, मी किती विनवण्या केल्या तेव्हा धरलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही परत अर्ज लिहिला असता." तिचा आवाज अजूनही चढला नव्हता. "आज काढलं. म्हणाले, हवेत इंजिन बंद पडलं तर वडिलांना विचारायला वेळ नसतो."

नीळकंठरावांनी शेवेचा पुडा चौकटीशी ठेवला.

"मी उद्या परत जातो. सांगतो त्यांना, तू तशी नाहीस. तुला विचारूनच आलोय असं..."

"नका जाऊ," प्रतिभा म्हणाली, आणि आता मात्र तिला हुंदका आला. "पाया पडते तुमच्या, बाबा. आता माझ्यासाठी काहीच करू नका."