शिवगंगाचा नंबर

फळ्याखालच्या रांगेतला एक दगड महादेवप्पा गुरुजींनी पायानं बाजूला सारला, तशी सगळी चौथी ओरडली.

"गुरुजी, नका! नंबर हाय त्यो!"

शाळेत नवा आलेला टॅब एक आणि पोरं चोवीस. पहिले दोन दिवस दांडग्यांनीच तो बळकावला. मग पोरांनी टँकरचा कायदा वर्गात आणला. जळकोटजवळच्या या वाडीत टँकरच्या रांगेत माणूस नसलं, तरी त्याच्या दगडाचा नंबर कुणी मोडत नसे. इथं रोज एकाचा नंबर. टॅब त्यानं धरायचा, बाकीच्यांनी भोवती बसायचं. उदगीर जिल्हा होणार की नाही यावर पारावर भांडणाऱ्या थोरांना एवढी अक्कल असती तर! गुरुजींना स्वतःला तर टॅब सुरूही करता येत नव्हता.

"कुणाचा हा?"

"शिवगंगाचा. तिच्या नावानं आमीच मांडला," गौरम्मा म्हणाली. "आज तिचाच नंबर हाय."

शिवगंगा महिनाभर शाळेत नव्हती. आईबाप मजुरीला जात आणि टँकरला काळवेळ नव्हता. दगड नंबर धरतो, पाणी भरत नाही. म्हणून पोर घागरींपाशी बसून असे. "औंदा ऱ्हाऊ द्या गुरुजी," आई म्हणाली होती. औंदा म्हणून शाळा सुटलेली पोरगी परत आलेली गुरुजींनी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

"ती येत न्हाई. पुढचा घ्या."

कुणी जागचं हललं नाही. टॅब टेबलावर तसाच पडून राहिला.

"ती नसली म्हनून नंबर मोडायचा का, गुरुजी?" गौरम्मानं विचारलं.

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली. वर्ग गौरम्माच्या हवाली केला आणि तडक टँकरची जागा गाठली. शिवगंगा घागरींच्या सावलीला बसली होती.

"ऊठ. वर्गात तुझा नंबर आलाय. घागरी मी बघतो."

"तुमी?" म्हणेपर्यंत ती पळालीसुद्धा.

तासाभरानं टँकर आला. गुरुजींनी घागरीत पाईप धरला. निम्मं पाणी धोतरावर, निम्मं मातीत. शेजारच्या धुरपताबाईनं कपाळावर हात मारला.

"आवो गुरुजी! लोक थेंबाला महाग, आन तुमी सांडताय! सरका. उद्यापासून तिच्या घागरी मी भरते. तुमी आपलं पोरीला शिकवा."

एरवी कुणी असं बोललं असतं, तर गुरुजींना लागलं असतं. आज ते ओल्या धोतरानं हसतच शाळेत परतले.

शिवगंगा टॅब मांडीवर घेऊन बसली होती. तेवीस डोकी तिच्याभोवती वाकली होती. फळ्याखाली रांगेच्या शेवटी एक नवा, चांगला थोराड दगड होता.

"हा कुणाचा?"

"तुमचा," शिवगंगा मान वर न करता म्हणाली. "तुमाला येत न्हाई म्हनं. नंबर आला की मी शिकवते."

गुरुजी खाली बसले आणि आपला दगड नीट सरळ करून ठेवला.