एकशे विसावी नोंद

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मावशी म्हणायची, "या पोरीला शिंकेच्या आधी राग येतो." मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मानवी पोषण या विषयात पीएच.डी. करायला मी तिच्या गावी आले आणि चार वर्षं तिच्याच घरी राहिले. तिला नि काकांना मूलबाळ नव्हतं. काका घड्याळं दुरुस्त करायचे. सकाळी डबा घेऊन दुकानात जायचे, ते संध्याकाळीच उगवायचे.

साठी ओलांडलेल्या बायका दिवसभरात नेमकं काय आणि किती खातात, हा माझा विषय. लोकांच्या घरी जाऊन "काल काय खाल्लं?" विचारायचं, त्यात कसली आलीय पीएच.डी., असं मावशीचं मत होतं. पण माणसं खाण्याबद्दल जेवढं खोटं बोलतात तेवढं वयाबद्दलही बोलत नाहीत. म्हणून माझ्या पिशवीत तीन मापांचे पेले, चार वाट्या, चमचे आणि पदार्थांच्या फोटोंची एक वही असायची. सकाळी डोळे उघडल्यापासून सुरुवात करायची, प्रत्येक गोष्टीनंतर "आणखी काही?" विचारायचं आणि शेवटाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. बायका वैतागायच्या. एकीने मला विचारलं होतं, "आधी पोलिसात होतीस का गं?"

सगळं लिहून झालं की संगणकावर कॅलरी काढायच्या आणि मग चाळणी लावायची. त्या वयाच्या, त्या वजनाच्या बाईचं शरीर नुसतं पडून राहायलाही जेवढं मागतं, त्यापेक्षाही तिने कमी सांगितलं असेल तर ती नोंद अशक्य समजायची. बाई लपवतेय, असा त्याचा अर्थ. अशा बाईला एकदा पुन्हा विचारायचं आणि ती दुसरी नोंद धरायची. तीही अशक्य आली तर बाई बाद. अंगाने जाड असलेल्या बायका जास्त लपवतात, असं आम्हाला शिकवलेलं. मला ही चाळणी फार आवडायची. चोर पकडल्यासारखं वाटायचं.

एकशे वीस बायका हव्या होत्या. एकशे एकोणीस झाल्या आणि घोडं अडलं. शेवटची ठरलेली बाई लेकाकडे राहायला निघून गेली आणि मुदत तर अगदी दारात येऊन उभी. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तुझी मावशी बसते ना अटींत? मग शोधतेस कुणाला?" म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. मी त्याच दिवशी मावशीला सांगितलं.

तिला केवढा आनंद झाला. पुस्तकात येणार म्हणून ती चांगले कपडे घालून, केस विंचरून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. मी आधी वजन घेतलं. एकाहत्तर भरलं. "मागच्या वर्षी अठ्ठ्याहत्तर होतं गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "छान की, बारीक होतेयस." मग मी वाट्या मांडल्या आणि विचारायला लागले.

"सकाळी अर्धा कप चहा. एक पाव घेतला होता, त्यातला अर्धा ठेवला."

"आणखी काही?"

"दुपारी थोडा भात. दूध घालून."

"थोडा म्हणजे?"

तिने सगळ्यात लहान वाटीकडे बोट दाखवलं. "हीसुद्धा पुरी नाही."

"संध्याकाळी?"

"काही नाही. हल्ली दोन घासांत पोट गच्च होतं बघ. वर काही जातच नाही."

हे वाक्य तिने माझ्याकडे बघून, नीट, सावकाश म्हटलं होतं. मी ते ऐकलंही. पण माझं डोकं तोवर बेरजेत होतं. साडेसहाशेसुद्धा होत नव्हत्या. ही तीच बाई, जी डब्यातलं गोड लपूनछपून खाते आणि मग डबा रिकामा कसा झाला म्हणून काकांवर आळ घेते. मी पेन आपटलं.

"मावशी, खोटं बोलू नकोस. तुझ्या अंगाची बाई साडेसहाशे कॅलरीवर जगत नाही."

"जगतेय की," ती हसून म्हणाली. "तुझ्यासमोर बसलेय."

"तुला गंमत वाटतेय? तू बाद झालीस तर माझा आकडा एकशे एकोणीसवर अडकेल. लाज वाटते का खाल्लेलं सांगायला? सगळ्या जगाला माहितीय तू किती खातेस ते."

ती हसायची थांबली. तरी मी थांबले नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर लगामही नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'सहकार्य कमी.' तिच्या डोळ्यांदेखत लिहिलं.

आता कुणी म्हणेल, एका घरात राहून तुला दिसलं कसं नाही? मीही स्वतःला हेच विचारते. सकाळी सातला मी बाहेर पडायचे, दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायचे, संध्याकाळी ताट उचलून माझ्या खोलीत संगणकासमोर न्यायचे. ताट मावशी वाढून ठेवायची. काका जेवायला बसले की ती म्हणायची, "मी आधीच खाल्लं." परक्या बायकांच्या वाट्या मी मिलीलिटरमध्ये सांगू शकत होते. आमच्या घरातली तिची वाटी मी कधी बघितलीच नाही.

चार दिवसांनी ती माझ्या खोलीच्या दारात आली. मी अजून फुगलेलीच होते.

"किती व्हायला हवं, म्हणजे तुझं काम होईल?"

मी सांगायला नको होतं. आमच्या कामातलं हे पहिलं पथ्य. ज्याला विचारायचं त्याला उत्तर सांगायचं नाही. एकशे एकोणीस बायकांच्या बाबतीत मी ते काटेकोर पाळलं होतं. पण मी रागात होते आणि मला काम संपवायचं होतं. "चौदाशेच्या वर," मी म्हटलं आणि फोटोंची वही तिच्याकडे सरकवली. "यात बघ हवं तर. तू रोज खातेस तेच आठवायचंय."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेबलाशी बसली आणि पाठ केलेल्या धड्यासारखं तिने सगळं सांगितलं. सकाळी दोन उकडलेली अंडी, दोन पाव, लोणी एक चमचा. दुपारी मोठी वाटी भात, मधली वाटी भाजी, एक पेला ताक. चार वाजता केळं आणि चहा. संध्याकाळी सूप, पाव आणि वर थोडं गोड. कुठे अडखळली नाही, कुठे मागे गेली नाही, "थांब हं, ते परवा होतं" असं एकदाही म्हणाली नाही. कालचं जेवण असं कुणालाच आठवत नाही. चार वर्षांत मला एकही बाई अशी भेटली नव्हती. मला कळलं. लिहिता लिहिताच कळलं. आणि मी "आणखी काही?" न विचारता वही मिटली. सोळाशे दहा भरल्या.

"झाले का मी पास?" तिने विचारलं.

"झालीस," मी म्हटलं. मी तिला मिठीसुद्धा मारली. अंगात घातलेलं तिला ढगळ होत होतं, तेही मला तेव्हाच जाणवलं आणि मी सोडून दिलं.

पाच महिन्यांनी तिला पाणीही पचेना, तेव्हा काकांनी तिला दवाखान्यात नेलं. जठराचा कर्करोग. पार पसरलेला. डॉक्टर शांत होते, आवाज न चढवता विचारत होते. "जेवण कधीपासून कमी झालं होतं?" काका माझ्याकडे बघायला लागले, मग जमिनीकडे. "महिना-दोन महिने असेल," ते म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. "त्याच्या आधी कुणी काही पाहिलं असतं तर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता. नक्की वाचल्या असत्या असं नाही म्हणत मी."

मला तारीख माहीत होती. वार, वेळ, वाटीचं मापसुद्धा माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. मावशी त्यानंतर सात आठवडे होती. त्या सात आठवड्यांत तिने एकदाही मला बोल लावला नाही. एकदा मी तिला चमच्याने सूप पाजत होते, तर म्हणाली, "लिही गं, दोन चमचे. पुन्हा म्हणशील सहकार्य नाही." ती चेष्टा करत होती. मी बाहेर जाऊन रडले आणि आत येऊन तिची माफीही मागितली नाही. मागायला हवी होती. वेळ होता.

ती गेल्यावर मी मॅडमकडे गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच निघालं की एकशे विसाव्या नोंदीबद्दल मला शंका वाटते. मॅडम कठोर नाहीत. त्या म्हणाल्या, "काढायची तर काढू. पण मग नवीन बाई शोधायची, सगळं गणित पुन्हा, एक सत्र जाईल. विचार करून सांग." मी दोन दिवस विचार केला आणि काही सांगितलं नाही. परिशिष्टात नमुना म्हणून एक भरलेला तक्ता छापायचा असतो. मॅडमनी सगळे चाळले आणि मावशीचा निवडला, कारण त्यात कुठेही खाडाखोड नव्हती.

पदवी मिळाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नोंदींच्या नेमकेपणाचं कौतुक केलं आणि मी "थँक यू सर" म्हटलं.

प्रबंधाची एक प्रत मी घरी आणली. काका तेव्हा फार खंगले होते. दुकानात जायचे, पण डबा तसाच परत यायचा. एकच गोष्ट त्यांना खात होती आणि ती ते मला कित्येकदा सांगून चुकले होते. "तिने मला रोज डबा भरून दिला. मी एकदाही विचारलं नाही, तू काय खाल्लंस. नवरा कसला मी?" मी दर वेळी म्हणायचे, "काका, तुम्हाला कसं कळणार?" आणि उठून जायचे.

त्यांनी तो जाड ग्रंथ मांडीवर घेतला. "यात ती कुठाय?"

नावं गुप्त असतात, दाखवता येत नाही, असं मी म्हणू शकले असते. ते खरंही होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी परिशिष्ट उघडून दिलं. काकांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. दोन अंडी. लोणी एक चमचा. भात, मोठी वाटी. मग त्यांनी वरची तारीख पाहिली आणि बोटांवर महिने मोजले.

"म्हणजे तेव्हा नीट जेवत होती," ते म्हणाले. "चांगली जेवत होती गं. मग ते एकदमच आलं. आपल्याला दिसण्यासारखं नव्हतंच काही."

"काका," मी म्हटलं.

"तू समोर बसून लिहिलंस ना हे?"

मी हो म्हटलं.

त्यांनी भिंग काढलं, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "बरं झालं तू आमच्याकडे राहायला आलीस. नाहीतर हे मला कुणी सांगितलं असतं?" त्या दिवशी ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी प्रत दुकानात घेऊन गेले. ती आता तिथे काउंटरवरच असते. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की काका ते पान उघडून वाचून दाखवतात. मी दिसले की तिथूनच हाक मारतात, "हीच ती, हिनेच लिहिलंय." आणि मग मला आत जाऊन बसावं लागतं, आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं.