अकरा नावांचा पेला

मित्रांनो, मी चांदीचा एक जुना पेला आहे. वय तीनशेच्या पुढे, आणि मिजास त्याहून जास्त. युरोपातल्या पोलंड देशात, नदीकाठच्या एका गावी ओर्वेन्स्की नावाचे मिठाचे व्यापारी राहत. घरात पहिलं मूल झालं तेव्हा त्यांनी मला हौसेने घडवून घेतलं आणि त्या मुलाचं नाव माझ्या पोटावर कोरलं. मग रीतच पडली. दर पिढीचं थोरलं मूल महिन्याचं झालं, की त्याच्या ओठांना माझ्यातला थेंब लावायचा आणि त्याचं नाव माझ्यावर कोरायचं.

घराणं चढत गेलं. मिठाच्या गोण्या विकणाऱ्याचा मुलगा नगरसभेत जाऊन बसला. त्याच्या नातवाने नदीवर दगडी पूल बांधून दिला, म्हणून राजाने सरदारकी दिली. मग पागा आल्या, शिकारी कुत्री आली, आणि एका दिवट्याने अर्धी जमीन पत्त्यांत उडवली. त्याची मुलगी मात्र खंबीर. पटकीच्या साथीत गाव पळालं, तेव्हा ती दारं उघडी टाकून रोग्यांची उस्तवार करत बसली. हे सगळं मी पाहिलं. असल्या घराला कोण हात लावणार, असं मला वाटायचं.

आणि दुसरं महायुद्ध आलं. एका सकाळी रशियन शिपायांनी घरच्या बाईंना आणि त्यांच्या लहानग्या हेलेनाला मालगाडीत कोंबलं. मागे वाडा जळला, जन्मनोंदीची चर्चमधली वहीही जळली. बाईंनी मला गोधडीत शिवून घेतलं होतं. बर्फ, वाळवंट, बोट असं करत आम्ही पोहोचलो ते थेट कोल्हापूरजवळ, वळीवड्याच्या निर्वासित छावणीत.

छावणीत दूध घालायला गडमुडशिंगीहून धोंडुबाई यायच्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. हेलेना तापाने फणफणली तेव्हा आक्कांनी तिला आठवडाभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. पोरगी त्यांचीच भाषा बोलू लागली. पुढे छावणी मोडली. नवा प्रवास कुठे नेईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून बाईंनी मला आक्कांच्या हाती सोपवलं.

"आक्का, ह्याच्यावर आमच्या वाडवडलांची नावं हायती," हेलेना म्हणाली. "मी मोठी झाले की न्यायला येते."

"जिवागत सांभाळीन," आक्का म्हणाल्या.

आणि सांभाळलंही. सव्वीस वर्षं मी त्यांच्या ट्रंकेत, खणात गुंडाळलेला होतो. दसऱ्याला तेवढं बाहेर काढून मला हळदकुंकू लावायच्या. सरदारांच्या मेजावरही माझा एवढा मान झाला नव्हता. मी काळा पडलो, पण त्या मला घासायलाही कुणाला देत नसत.

१९७४ साली हेलेनाचं पत्र आलं. आई वारली होती आणि तिने घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता. कागद एकही उरला नव्हता. नावं होती ती फक्त माझ्या अंगावर. शाळेच्या मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा आक्कांचा मुलगा जोतीराम साखर कारखान्यात कामावर होता. घरी आल्यावर त्याला एवढंच कळलं, की पेला न्यायला पावणी येणार आहे. गडी मायेचा. आक्का शेतावर गेलेल्या पाहून त्याने मला पिशवीत घातलं आणि सायकल मारत कोल्हापुरात केरबा कारागिराकडे उजळून घ्यायला आणलं.

केरबाने मला उजेडात धरलं. "पावणं, ह्या रेघा ठेवू का काढू?"

"काढा की. एवढ्या लांबनं येणार, आन् ओरखडलेलं भांडं देऊ व्हय तिला?"

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण पेल्याचं कोण ऐकतं? आधी कानस फिरली, मग पॉलिशचं चाक. तीनशे वर्षं घटकाभरात भुकटी होऊन जमिनीवर पडली.

घरी जोतीरामने मला मोठ्या ऐटीत आईपुढे ठेवलं. आक्कांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"जोत्या, आरं ती नावं हुती रं."

त्याने मला उचलून उजेडात धरलं. "मला कुणी सांगितलंच न्हाय की."

"तू इचारलंस कवा?"

दुसऱ्या दिवशी हेलेना आली. केस पिकू लागलेले, पण भाषा तीच. आक्कांनी चहाचंही विचारलं नाही. मला तिच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "पोरी, तुजी ठेव माज्या घरात मोडली."

हेलेना मला फिरवून फिरवून बघत राहिली. "आक्का, मला तीनच ठावं हायती. आजोबा, बाबा आन् मी. बाकीची आठ..." जोतीराम भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला घेऊन निघताना ती आक्कांच्या पाया पडली, तेव्हा आक्कांना मान वर करवेना.

मित्रांनो, वाटेत ती सारखी माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याइतकाच हादरलो होतो. पूल बांधणारा मला दिसत होता. पत्ते खेळणारा दिसत होता. रोग्यांच्या उशाशी बसलेली ती मुलगीही दिसत होती. पण त्यांना हाक कशी मारायची ते आठवेना. नावं अंगावरच होती, म्हणून मी ती कधी पाठच केली नव्हती.

घरातल्या जुन्या वस्तूवर खुणा दिसल्या तर पुसण्याआधी विचारत जा, एवढीच विनवणी आहे. सांगणारं माणूस समोर बसलं आहे तोवर विचारा. मला कुणी विचारलं, तर अकरांपैकी माझ्याजवळ आता एवढीच आहेत: काझिमिर, युझेफ, हेलेना.