काठाला आडवं

कीर्तन चालू असताना बुवांना कुणी अडवत नाही. शंका असली तर आरती झाल्यावर, पाया पडताना विचारावी. अकोल्याच्या जठारपेठेत, देवळाच्या सतरंजीवर लहानाची मोठी झालेल्या जुईलीला हे सांगायला नको होतं. पण कमलाकांतबुवांनी, म्हणजे तिच्या बाबांनीच, उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागात, तिची गोष्ट काढली.

"पोर समुद्रात फळीवर उभी राहायला गेली! लाटेनं फेकलं. काठाकडे हात मारते, मारते, काठ दूरच! शेवटी रामाचा धावा केला, त्यानं अलगद काठावर आणून ठेवलं. आता ती त्या पाण्याचं नाव काढणार नाही!"

टाळ्या पडल्या. सोमवारी ती पुन्हा त्याच किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला निघणार होती. बाबांनी चारचौघांत तिची वाट बंद केली होती.

जुईली उभी राहिली. "बाबा, असं झालं नव्हतं."

सहदेवकाकांचा तबला थांबला. शेजारच्या पार्वताबाई खेकसल्या, "खाली बस ना वं! बापाले कीर्तनात अडवते काय?"

"अडवते. मावशी, तुम्ही हिवरखेडच्या विहिरीत पोहायचा ना? दमलं की काय करायचं?"

"सरळ पायरी धरायची. अजून काय?"

"मीही तेच केलं, तिथंच चुकलं. समुद्रात कुठे कुठे पाणी काठाकडून आत ओढतं. त्याच्याशी भांडलं की माणूस दमतो आणि बुडतो. फळी सोडायची नाही, हात वर करून मदत मागायची, काठाला आडवं सरकायचं. ओढ संपली की मग काठ. शिकवणाऱ्या ताई हेच ओरडून सांगून राहिल्या होत्या. रामाचं नाव घेत घेतच आडवी गेले मी. हात त्यानंच दिलेत, ते कुठं मारायचे हे शिकावं लागलं."

बुवांच्या चिपळ्या हलेनात. "आणि ओढ याहून मोठी असली तर?"

"तर उतरणारच नाही. धोक्याचा लाल झेंडा दिसतो मला. पण सोमवारी जाणार."

"मी परवानगी दिली नाही."

"मी मागितली नाही, बाबा."

बुवांनी उपरणं सावरलं. मग सहदेवकाकांकडे पाहून मान हलवली.

"श्रोतेहो, गोष्ट चुकली माझी. पुन्हा सांगतो." ते जुईलीकडे वळले. "ती फळी... निसटत नाही का गं?"

"दोरी असते. घोट्याला बांधतात."

"घोट्याला दोरी बांधून पोर निघाली," बुवांनी सूर लावला.

जुईली खाली बसली नाही. बाबा पुढं कुठं चुकले, तर अडवायचं होतं.