सुकतळ्याखालचे सहा मिलिमीटर

लंगडणारा माणूस मी त्याच्या बुटावरून ओळखते. माणूस समोर नसला तरी चालतं. बूट आपणहून खोटं बोलत नाही, त्याला बोलायला लावावं लागतं. ते काम मला येतं, आणि सगळी भानगड तिथूनच झाली.

माझं बूट दुरुस्तीचं दुकान स्टेडियमच्या तीन नंबर गेटासमोर आहे. बाबांनी सुरू केलं. आता हात माझा चालतो आणि तोंड त्यांचं. इथल्या फुटबॉल क्लबचे महिन्याला साठ जोड माझ्याकडे येतात, भिंतीवरचा मोठा रॅक त्यांच्यासाठीच. आणि गेटाच्या आत, पूर्वेच्या स्टँडमध्ये, नवव्या रांगेत चौदा आणि पंधरा नंबरच्या जागा आमच्या. एकतीस वर्षं. चौदा बाबांची. पंधरा आईची होती, ती गेल्यावर माझी झाली.

गेल्या वर्षी क्लब विकला गेला. घेणारा गाद्यांचा कारखानदार. आम्ही त्याला गादीवाला म्हणतो. चेंडूला हवा भरतात की कापूस, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याने आल्या आल्या आमची लाकडी बाकं काढली, गुबगुबीत खुर्च्या लावल्या आणि वर्षाच्या पासची किंमत अडीचपट केली. शनिवारी पाचपर्यंत पास काढा, नाहीतर तुमची जागा कितीही जुनी असो, दुसऱ्याला जाईल.

आम्ही दोनशेबारा पासवाल्यांनी ठराव केला. चाहत्यांचा एक माणूस क्लबच्या कमिटीत बसवा, तोवर पास कुणीही काढायचा नाही. सोमवारपर्यंत एक माणूस फुटला नाही. पासच्या खिडकीवरची मुलगी नखं रंगवत बसली होती.

मंगळवारी व्हिडिओ आला. कप्तान मैदानावर पळतोय, चाळीस सेकंद. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पुरते चार महिने झाले नव्हते, आणि गडी हरणासारखा पळतोय. खाली लिहिलं होतं: कप्तान फिट आहे, तुम्ही येताय ना? बुधवारी खिडकीवर रांग लागली.

मंगळवारपासून मी तोंडात खिळे धरून काम करत होते. आमच्या धंद्यात ती सवयच असते. एक खिळा ठोकायचा, दुसरा ओठातून घ्यायचा. शिवाय तोंडात खिळे असले की कुणी काही विचारत नाही.

शनिवारी दुपारी दोनला दुकानात तिघं होते. बाबा, मास्तर आणि लिफ्टवाला. मास्तर भूगोल शिकवून रिटायर झालेले, हात अजून नकाशावर फिरतात. लिफ्टवाला इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो.

"ठराव म्हणजे ठराव," मास्तर म्हणाले. "कप्तान फिट असो नाहीतर आजारी. मालकाच्या घरात आपली एक खुर्ची हवी, तिथून हलायचं नाही."

"ठराव गेला चुलीत. कप्तान खेळतोय म्हणजे यंदा आपण लीगमध्ये वर जाणार," लिफ्टवाला म्हणाला.

"तू रोजच वर जातोस, आणि मध्येच अडकतोस."

"हसा, मास्तर. उद्या तो गोल मारेल तेव्हा तुम्ही कुठे असाल? गेटाबाहेर, भोकातून बघत."

"एकतीस वर्षं मी भोकातून बघितलं नाही," बाबा म्हणाले. हातात पासचा फॉर्म होता, भरलेला. सही तेवढी बाकी. "आणि पंधरा नंबरवर कुणी परका शेंगा खात बसलेला मला चालणार नाही. त्या जागेवर तुझी आई बसायची गं."

माझ्या तोंडात चार खिळे होते. मी ठोकत राहिले.

तेवढ्यात क्लबची गाडी दारात थांबली आणि कप्तान उतरला. सत्तावीस वर्षांचा पोरगा, हातात बुटांची पिशवी. दुकानात माणसं बघून उंबऱ्यावरच घुटमळला.

"ताई, जरा आत येता?"

दहा बाय आठचं दुकान. आत म्हणजे कुठे? मी खिळे तळहातावर काढले. "इथेच बोल."

तो वाकला, आवाज खाली आणला. "अजून दोन मिलिमीटर हवेत. उद्या मैत्रीचा सामना आहे, वीस मिनिटं पळायचंय फक्त."

लिफ्टवाल्याचे कान कुत्र्यासारखे उभे राहिले. "कसले दोन मिलिमीटर?"

कप्तानाने माझ्याकडे बघितलं. नको, असं डोळ्यांनी म्हणाला. मी पिशवीतून डावा बूट काढला, आतला सुकतळा उचलला, पक्कड घातली आणि टाचेखालचा कॉर्कचा तुकडा उपटून काउंटरवर ठेवला. सहा मिलिमीटर. मी स्वतः रापीने तासलेला.

"हा घ्या तुमचा फिट कप्तान," मी म्हणाले. "ह्याचा गुडघा पुरता सरळ होत नाही. मग पाय आखूड पडतो आणि माणूस लंगडतो. हा तुकडा घातला की लंगडणं दिसत नाही. गुडघा आहे तसाच राहतो. आणि हे बघा. उजव्या बुटाचे स्टड झिजून सपाट झालेत, डाव्याचे कोरे करकरीत. सगळं वजन एका पायावर घेऊन पळतोय. चाळीस सेकंद जमतं. पुढे नाही."

लिफ्टवाल्याने विचारलं, "हे तू केलंस?"

"मी केलं. तीन आठवड्यांपूर्वी हा म्हणाला, पाऊल नीट पडत नाही, जरा उंची द्या. कशासाठी ते मी विचारलं नाही. कप्तानाचा बूट हातात आला होता, मी हवेत होते. चाहत्याची अक्कल अशीच जाते. मंगळवारी व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं, आपला ठराव माझ्याच कॉर्कने फोडलाय."

"आणि चार दिवस गप्प बसलीस?"

"बसले. रॅकवरचे साठ जोड दिसत होते."

"घरभेदी!" लिफ्टवाला ओरडला. पण ओरडता ओरडता त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला, आणि मास्तरांनी ते बरोबर टिपलं.

"दाखव," मास्तर म्हणाले.

त्याने नवा पास काढून दाखवला. शुक्रवारी सकाळीच काढलेला.

"अच्छा. म्हणून ठराव चुलीत गेला होता होय!"

कप्तानाने हात पुढे केला. "ताई, तुकडा द्या. डॉक्टरांनी सही केलीय."

"कुणाच्या डॉक्टरांनी?"

"क्लबच्या."

"म्हणजे गादीवाल्याच्या. त्याला पाच वाजेपर्यंत पास खपवायचेत. तुझा गुडघा सहा वाजता मोडला तरी त्याला चालेल."

"माझा करार दोन महिन्यांत संपतो. उद्या पळालो नाही तर नवा मिळणार नाही, असं तोंडावर सांगितलंय मला."

"आणि पळालास तर नवा गुडघा मिळेल?"

तो चिडला. "तुम्हाला काय हो बोलायला! तुमचं काय जातंय?"

मी भिंतीकडे बोट केलं. "तो रॅक जातोय. अख्खा."

आता बाबा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, एक हात काउंटरवर, एक मांडीवर. त्यांनी तो तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. काम चांगलं झालं होतं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

"पोरा," ते म्हणाले, "बिनतुकड्याचा बूट घाल आणि गेटापर्यंत चालून दाखव. सरळ चाललास तर हा तुकडा मी माझ्या हाताने बसवतो, वर दोन मिलिमीटर देतो. पाच वाजायच्या आत."

कप्तान स्टुलावर बसला. बूट चढवले, नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. दुकानाच्या काचेतून समोरची रांग दिसत होती, ऐंशी-नव्वद माणसं, हातात फॉर्म. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडून धरलं होतं.

"तू जा," कप्तान ड्रायव्हरला म्हणाला. "मी चालत येतो."

तो रस्ता ओलांडून निघाला. प्रत्येक पावलाला डावा खांदा खाली जायचा आणि परत वर यायचा. तीन नंबर गेट सरळ समोर होतं. तो सरळ गेला नाही. रांगेच्या शेपटापासून सुरुवात केली आणि एकेका माणसाच्या शेजारून, लंगडत, खिडकीपर्यंत चालत गेला. भरभर नाही. कुणीतरी टाळ्या वाजवायला घेतल्या आणि दोन टाळ्यांत थांबवल्या. खिडकीवरची मुलगी उभी राहिली. त्याने तिला काहीतरी सांगितलं आणि गेटातून ऑफिसकडे गेला. काय सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं: "माझ्या नावावर विकू नका."

रांग मोडायला फार वेळ लागला नाही. एक म्हातारा निघाला, मग दोन बायका, मग लोंढा. काही उरले.

"किती?" बाबांनी विचारलं. त्यांना लांबचं दिसत नाही.

मास्तरांनी बोटाने मोजले. "अकरा. गादीवाल्याचा संघ पूर्ण झाला."

लिफ्टवाला बाहेर पडला. खिडकीवर हुज्जत घातली, पैसे परत मिळत नाहीत म्हणून मुलीने मान हलवली. त्याने पास काचेखालून आत सरकवला आणि परत आला. पैसे गेले, पण मान ताठ होती.

"घरभेदी म्हणालो ते मागे घेत नाही," तो मला म्हणाला.

"घेऊ नकोस."

पाचला पाच मिनिटं कमी होती. बाबांनी फॉर्म पुढ्यात घेतला आणि पेन मागितलं. मी पेन दिलं. ठराव फोडणाऱ्या बाईने कुणाला अडवायचं? त्यांनी फॉर्म उलटा केला, त्यावर एका शाळकरी मुलीच्या फाटक्या बुटाचा तळवा ठेवला, पेनाने कडेकडेने रेघ ओढली आणि कात्रीने माप कापून घेतलं.

"कागद बरा आहे," म्हणाले. "जाड आहे."

स्टेडियमवरच्या घड्याळात पाच वाजले. चौदा आणि पंधरा गेल्या. बाबा सोल कापत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी कप्तान खेळला नाही. क्लबने सांगितलं, ताप आहे.

सोमवारी सकाळी क्लबची दोन माणसं आली आणि रॅकवरचे बूट पोत्यात भरायला लागली. दुरुस्त झालेले, न झालेले, सगळे. मी मदत केली नाही, अडवलंही नाही. जाताना त्यातला एक म्हणाला, "तो कॉर्कचा तुकडा मालकांनी मागितलाय."

"मालकांना म्हणावं, कॉर्क माझा, रापी माझी, चूकही माझी. यातलं काही क्लबबरोबर विकलं गेलेलं नाही."

"बाई, जास्त बोलताय."

"चार दिवस कमी बोलले होते," मी म्हणाले. "ते भरून काढतेय."