ओहायोचा रंग

श्रीकांत अमेरिकेत अकरा महिने राहिला होता, तेही न्यू जर्सीत, ऑफिसपासून चार मैलांवर. तेवढ्या शिदोरीवर २००४च्या ऑक्टोबरात, एका शनिवारी दुपारी, त्याने बेस्ट नावाच्या डच गावातल्या आपल्या घरी अमेरिकेच्या निवडणुकीचा वर्ग भरवला. भिंतीवर नकाशा, हातात लाल-निळी स्केचपेनं, समोर त्याच्या टीममधले तिघे आणि त्यांच्या बायका; त्याची स्वतःची बायको सरला स्वयंपाकघरात.

"दोन्ही किनारे डेमोक्रॅटांचे बालेकिल्ले, निळे. दक्षिण सत्तेवरच्या रिपब्लिकनांची, लाल. तिथे कोणी प्रचारालाही फिरकत नाही," तो म्हणाला. "खरी लढत ओहायोत. कारखाने बंद पडलेत. नोकरी गेलेला माणूस सरकार पाडतो, साधं गणित आहे." आणि त्याने ओहायो निळं रंगवलं.

तिघांतल्या गौरवने मान डोलावली. साहेबांपुढे मान डोलवायला तो दूरच्या डीमन गावाहून गाड्या बदलत येत असे.

गौरवची बायको मंजूषा हे सगळं जांभई दाबत ऐकत होती. लग्नाआधी तीन वर्षं ती पुण्याच्या एका कॉल सेंटरमधून अमेरिकेत सर्व्हेचे फोन लावायची. शेवटचं वर्ष तर नुसती ओहायोतली गावं.

"ओहायो लाल जाईल," ती म्हणाली. "नोकरी गेलेल्यांशी मी बोललेय. नोकरीबद्दल ते दोन वाक्यं बोलायचे आणि चर्चबद्दल, इराकमध्ये लढणाऱ्या मुलाबद्दल वीस."

श्रीकांत हसला. "कॉल सेंटरमध्ये? तिथे तुम्ही नावंसुद्धा खोटी सांगता. राजकारण राहू दे, मंजूषा. सरलाला भजी तळू लाग."

सगळे हसले. गौरवही हसला, जरा मागाहून.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ओहायो लाल झालं. संध्याकाळी घरी आलेला गौरव यावर काही बोलेल म्हणून मंजूषाने वाट पाहिली. ट्राम उशिरा आली, एवढंच तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी पुन्हा बेस्ट. भिंतीवर आता नकाशा नव्हता.

"मी म्हणतच होतो," श्रीकांतने सुरुवात केली. "नोकरीबद्दल दोन वाक्यं, चर्चबद्दल वीस. अरे, ओळखून आहे मी त्या लोकांना."

"तुम्ही ओहायो निळं रंगवलं होतं," मंजूषा म्हणाली.

"तुझं लक्ष नसेल."

सरला चहाचा ट्रे घेऊन आली होती. "लक्ष होतं तिचं," ती शांतपणे म्हणाली. "नकाशा फाडून टाक म्हणून बुधवारी तुम्हीच मला सांगितलंत." तिने ट्रे ठेवला आणि ती मंजूषाशेजारी बसली. लोक असताना तिला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. श्रीकांत कपात चमचा फिरवत राहिला. त्याच्या चहात साखर नसे.

परतीच्या गाडीत गौरव म्हणाला, "काय मिळवलंस? डिसेंबरात माझं अप्रेझल आहे."

मंजूषाने त्याच्याकडे नीट पाहिलं. श्रीकांत चोर होता, पण चोरण्याजोगं काय आहे एवढं तरी त्याला कळलं होतं. याला तेही कळलं नव्हतं.

उट्रेख्तला त्यांनी गाडी बदलली. डब्यात दोघांपुरती जागा रिकामी होती. गौरव बसला आणि त्याने तिच्यासाठी बॅग बाजूला केली. ती चालत पुढच्या डब्यात गेली.