कोझुएच्या वाडग्याचा काठ

मुलांच्या कामाला आपला हात लावायचा नाही, हे मी नव्या शिक्षकांना तीस वर्षं ऐकवलं. आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. शाळा सुटली की हातकामाच्या वर्गात मी एकटी बसायची आणि ओला स्पंज घेऊन एकेक वाटी निस्तरायची.

आमचं शिगाराकी पडलं जपानातलं कुंभारांचं गाव. शाळेचं प्रदर्शन बघायला येणारे निम्मे बाप मातीत हात घालणारे. भांडं उचलतात, टिचकी मारतात, काठावरून नख फिरवतात आणि काही न बोलता खाली ठेवतात. ते न बोलणं मला फार झोंबायचं.

तिसरीतली कोझुए मत्सुनागा ही एक हट्टी पोरगी. तिच्या आजोबांनी साठ वर्षं चाक फिरवलेलं. त्या वर्षी वसंतात त्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला. त्यांनी चाकावर चादर टाकली ती टाकलीच. मातीचं नाव काढू देईनात, खोलीबाहेर येईनात.

"बाई, वाडगा घरी नेऊ? आजोबांना दाखवते," एका शनिवारी प्रदर्शनासाठी केलेला कच्चा वाडगा हातात घेऊन कोझुए म्हणाली.

"ने. पण ओल्या फडक्यात गुंडाळ. वाळला तर माझ्या नावाने रडू नकोस."

सोमवारी तिने तो आणून फळीवर ठेवला, तेव्हा मी वर्गात नव्हते. संध्याकाळी बघते तर काठ एका बाजूने जाड, आत वाकलेला, वर अंगठ्याचा हा एवढा खड्डा. म्हटलं, धांदरट कार्टीने वाटेत पाडला आणि कसाबसा दाबून आणला. तिला विचारायला काय झालं होतं मला? पण माझे हात शिवशिवत होते. दहा मिनिटांत काठ असा गोल केला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. मग वाडगा वाळवायच्या खोलीत ठेवला, तिथे मुलांना जायची मुभा नव्हती. तिथून तो परस्पर भट्टीत गेला.

प्रदर्शनाला मत्सुनागा आजोबा आले. चाकांच्या खुर्चीत, गळ्यात टाय बांधून. सून खुर्ची ढकलत होती. जुने कुंभार वाकून नमस्कार करत बाजूला होत होते. कोझुएने वाडगा न बघताच त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांचा अंगठा काठावरून फिरला. पुन्हा फिरला. मग त्यांनी वाडगा हळूच मांडीवर ठेवला.

"काठ सुरेख झालाय," ते मला म्हणाले.

"पोरीने कष्ट घेतले हो," मी मूर्खासारखी म्हणाले.

कोझुएने वाकून बघितलं. "इथे आजोबांनी केलं होतं," ती म्हणाली. "डाव्या हाताने. कुठे गेलं, बाई?"

"असू दे गं," आजोबाच म्हणाले. "बाईंनी नीट केलं."

रविवारी मिठाईचा डबा घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दारात कोझुए भेटली. आत येऊ देण्याआधी तिने मला सगळं सांगितलं, रागाने नाही, वर्गात पाठ म्हणून दाखवावा तसं. "वाडगा शाळेत आणला ना, त्यानंतर आजोबा रोज माती मागायचे. रोज काहीतरी दाबत बसायचे. आता घेत नाहीत. म्हणतात, थोडं तरी जमलं असतं, तर बाईंनी पुसलं नसतं."

आत जाऊन मी चटईला डोकं टेकलं. शंभरदा सांगितलं, अहो, मला माहीतच नव्हतं, मला वाटलं पोरीने पाडला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, खाली मान घालून माझे आभार मानले आणि सुनेला म्हणाले, "बाईंना चहा दे."